पांढरा म्हंजे कोणता

विमलमावशीच्या दुकानात येऊन कोणी नुसतं 'पांढरा दाखवा' म्हटलं, की त्या बाईची खैर नसे. मावशी हातातली कात्री खाली ठेवायची, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायची आणि विचारायची, "पांढरा म्हंजे कोणता?"

समोरची गांगरून जायची. पांढरा म्हणजे पांढरा, त्यात काय सांगायचं? मग मावशी एकेक तागा काढून फळीवर आपटायला लागायची. हा दुधी. हा सायीचा. हा शिंपल्याचा. हा चुन्याचा, कोरडा, अंगावर भकास दिसतो, घेऊ नको. हा नीळ जास्त झालेला, याला ती 'ट्यूबलाइट' म्हणायची. आणि सगळ्यात वरच्या फळीवर, कागदात गुंडाळलेला, शिजलेल्या चिन्नोर तांदळाचा पांढरा. तो ती सहसा कोणाला दाखवत नसे.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटला, गुजरी बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं ब्लाउजपीस, परकर, अस्तर आणि फॉलचं दुकान होतं. पाटीवर मुलीचं नाव, 'सुजाता मॅचिंग सेंटर'. वरच्या खोलीत मी भाड्याने राहायचे, अजूनही राहते. मी इथल्या एका शाळेत हिंदीतून गणित शिकवते. अमरावतीकडून आलेल्या मला या गावात मराठी बोलायला माणूस हवं होतं आणि मावशीला दुपारच्या चहाला कोणीतरी हवं होतं, एवढ्यावर आमचं जमलं. ती मला मॅडमबाई म्हणायची. मॅडम आणि बाई एकच, असं मी एकदा सांगून पाहिलं. त्यावर ती म्हणाली, मग दोनदा मान दिला म्हणून समज.

तिच्याकडे पांढऱ्याचा एवढा पसारा असायला कारण होतं. मावशी बौद्ध, आणि आमच्या भागातल्या बौद्ध घरांत नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते. लालबर्रा, परसवाडा, हट्टा अशा चारी दिशांनी लग्नघरच्या बाया तिच्याकडे यायच्या. फोनमध्ये साडीचा फोटो काढून आणणारी बाई तर मावशीला मुळीच खपत नसे. "मोबाईल खोटं बोलते," म्हणायची आणि तिला सरळ परत पाठवायची. परसवाड्याची एक बाई अशी तणतणत गेली, आणि पुढच्या बाजाराला साडी काखेत मारून मुकाट्याने आली. मावशीने साडीचा पदर दुकानाबाहेर उन्हात धरला, आत येऊन तागा काढला, आणि पदर त्यावर टाकला तेव्हा तो कुठे संपतो हे त्या बाईला दिसेना. मावशीने माझ्याकडे पाहून एक भुवई उडवली. तेवढीच तिची बढाई.

जिभेला हाड नव्हतं. गिऱ्हाइकाची छाती, कंबर, दंड, सगळ्याचा भर दुकानात उद्धार व्हायचा. 'मागच्या वर्षीचं माप सांगून राह्यली, मागच्या वर्षी तू इतकी होती काय वो?' असं ती कोणालाही विचारायची आणि बाया हसायच्या. पण स्वतःच्या शरीराबद्दल अवाक्षर नाही. दाढ दुखली तर लवंग, पाठ दुखली तर भिंतीला टेकून दोन मिनिटं डोळे मिटणं. नवरा भरवेलीच्या खाणीत होता, तो लवकर गेला. तेव्हापासून दुखणं अंगावर काढायची तिला सवयच लागली होती. आजारी पडायला कोणीतरी सांभाळणारं लागतं, आणि घरात तर सुजाता, तीही तेव्हा शाळेत जाणारी.

सकाळी तिच्या मोरीजवळ कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी उकळायचं. मला वाटायचं, पावसाळ्यात अंगाला खाज सुटते, त्यासाठी असेल. औषधाच्या दुकानातून ती नायट्याचं मलम आणायची आणि जावेसाठी नेतेय म्हणून सांगायची. जाऊ राहायची तुमसरला. मला यात काही वावगं दिसलं नाही. ताकास तूर लागू न देणं तिला चांगलं जमत होतं.

खरं काय ते पुढे तिनेच मला सांगितलं. खाज अंगाला नव्हती, मांड्यांच्या मध्ये होती, आणि कित्येक महिने जात नव्हती. आंघोळ करताना वाकून दिसलं तेवढ्यात तिथली कातडी पांढरी पडल्यासारखी वाटली. तिच्या मोठ्या बहिणीच्या ओठावर असाच पांढरा डाग उठला होता. कोड. त्या बहिणीचं लग्न झालं नाही. ती भावाच्या घरी म्हातारी झाली, तिचं ताट वेगळं, पेला वेगळा, आणि लग्नकार्यात ती स्वयंपाकघराच्या मागे बसलेली असायची. मावशीने हे सगळं लहानपणापासून डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि आता इकडे सुजातासाठी तिरोड्याहून स्थळ आलं होतं.

तरी ती इथल्याच एका डॉक्टरीणबाईंकडे गेली होती, एकटीच. बाहेर बायांची ही गर्दी, दार अर्धं उघडं, पुढचा नंबर दारातच उभा. डॉक्टरीणबाईंशी बोलायचं हिंदीत. त्या जागेचं नाव घ्यायचं कसं? आमच्याकडे ते नाव पुरुषांच्या शिव्यांत तेवढं ऐकू येतं, बाईच्या तोंडात ते नाहीच. मावशी खाली मान घालून म्हणाली, नीचे सफेद हो रहा है, खुजली है. डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता विचारलं, सफेद पानी?

मावशी हो म्हणाली.

का म्हणाली, हे मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, पांढरं जाणं तर साऱ्याच बायांना असते, त्याची लाज नाही. त्यांनीच तो शब्द दिला, तो तिने पदरात घेतला. कोड म्हणायची वेळ आली नाही, याचंच तिला बरं वाटलं. गोळ्या लिहून मिळाल्या, तपासायच्या टेबलावर कोणी झोपवलं नाही, आणि ती हलक्या पावलांनी घरी आली. सबंध जन्म जिने प्रत्येक बाईला 'पांढरा म्हंजे कोणता' म्हणून भंडावलं, तिला त्या दिवशी हा प्रश्न कोणी विचारला नाही, आणि तिने आपणहून सांगितलंही नाही. मला त्याचा राग येतो. कोणाचा, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

मुलाकडचे बघायला आले तेव्हा चहा द्यायला मीच होते. मुलाची आत्या मोठी चौकस. इकडचं तिकडचं झाल्यावर तिने विचारलं, घराण्यात कोणाला कोड-बिड तर नाही ना? मावशीने दोन्ही हात कोपरापर्यंत उघडे करून सतरंजीवर पुढे ठेवले आणि शांतपणे म्हणाली, पाहून घ्या. आत्याबाई ओशाळल्या. मला तर मावशीचं भारी कौतुक वाटलं होतं. ती त्या वेळी कशावर बसून होती, हे त्या खोलीत तिच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

लग्नात सुजाताने तो वरच्या फळीवरचा चिन्नोर पांढरा नेसला. त्या रंगाची साडी मावशीने नागपूरला जाऊन शोधून आणली होती, आणि ब्लाउज आपल्या ताग्याचा. वंदना चालू असताना मावशी मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. बस म्हटलं तर म्हणाली, इथून रंग चांगला दिसते.

लग्नानंतर तिचं बसणं बंदच झालं. दुकानातला स्टूल तिने बाहेर देऊन टाकला. उभ्यानेच कापायची, उभ्यानेच चहा प्यायची. मी विचारलं तर मूळव्याध म्हणाली. मग एका दुपारी तिच्या लुगड्यावर मागे मला रक्ताचा डाग दिसला, पाळी जाऊन इतकी वर्षं झालेल्या बाईच्या लुगड्यावर. मी दुकानाचं शटर ओढून घेतलं आणि तिला म्हटलं, आता सांग. तिने सांगितलं. तिथे चिंचोक्याएवढी गाठ आली होती, ती फुटली होती, आणि लघवीला गेलं की आग आग होत होती.

नागपूरला मी तिच्याबरोबर गेले. सुजाताला काही कळवायचं नाही, या अटीवर ती आली. तिथली डॉक्टर तरुण होती, मराठी बोलणारी. तिने दार लावलं, पडदा ओढला, आणि तपासायच्या आधी खुर्ची जवळ घेऊन विचारलं, "मावशी, पांढरं म्हणजे नक्की कसं होतं?"

मावशीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ती बोलू लागली, आणि तिने जे सांगितलं ते एखाद्या ताग्याबद्दल सांगावं तसं होतं. सायीचा नाही, चुन्याचा. कोरडा, भेगा पडलेला, चुरगळलेल्या कागदासारखा.

तपासून झाल्यावर तिने गाठीचा एक तुकडा काढून तपासणीला पाठवला. त्यावर मावशी म्हणाली, नमुन्याला आम्हीपण तुकडाच कापतो. निकाल आला तेव्हा डॉक्टरने कागदावर चित्र काढून समजावलं. हा पिशवीचा कॅन्सर नाही, आतला नाही, बाहेरच्या भागाचा आहे, योनीमुखाचा. फार कमी बायांना होतो. वेळेवर कळला तर तेवढा भाग काढून बाई बरी होते. मावशीला तो शब्द काही आवडला नाही. योनीमुख म्हणजे पोथीतलं नाव वाटतं, म्हणाली. मग तिने विचारलं, हे कोडामुळे झालं का?

डॉक्टर म्हणाली, ते कोड नव्हतंच. कोडाला अशी खाज सुटत नाही. तुम्हाला झाला तो कातडीचा वेगळाच आजार, एकाचा दुसऱ्याला लागत नाही, त्याला रोज लावायचं मलम असतं. ते लावत राहिलं आणि मधूनमधून दाखवत राहिलं की बहुतेक आटोक्यात राहतो. तसाच सोडला तर काहीजणींना त्याच जागी पुढे कॅन्सर होतो.

"कोड नोहोतं?" मावशीने विचारलं.

"नव्हतं."

नंतर परतीच्या गाडीत, तुमसर गेल्यावर, मावशी खिडकीकडे तोंड करून एवढंच म्हणाली, "मंग लपवलं कायले मी?" मी तिचा हात धरून बसले आणि आम्ही दोघी रडलो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरने सांगितलं की गाठीबरोबर चारी बाजूंची थोडी चांगली कातडीही काढावी लागते, म्हणजे रोग मागे राहत नाही. मावशी म्हणाली, म्हणजे माया धरून कापता. शिवणात कापडाच्या कडेला जे जास्तीचं सोडतात त्याला माया म्हणतात, हे मी त्या डॉक्टरला समजावून सांगितलं. ती हसली. मग तिने सांगितलं की दोन्ही जांघांतल्या गाठीही काढाव्या लागतील, कारण हा रोग आधी तिथे उतरतो.

सुजाताला शेवटी मीच फोन केला. मावशी गल्लीत पिशवीचं ऑपरेशन सांगून निघाली होती, पिशवी हा शब्द गुजरीत चालतो. तीच थाप लेकीलाही मारायचा तिचा बेत होता. पण सुजाता सरळ डॉक्टरला भेटली आणि सगळं ऐकून वॉर्डात आली. खाटेजवळ उभी राहून तिने विचारलं, "आई, काहून नाही सांगतलं?"

"तुयं लग्न मोडलं असतं."

"मोडू द्याचं होतं."

मावशीने तोंड फिरवलं. सुजाता तिच्या पायाशी बसली आणि चादरीत तोंड खुपसून हमसून हमसून रडली.

जखम लवकर भरली नाही. टाके सुटले, तेव्हा मावशी 'शिवण उसवली' म्हणाली, आणि पुढे फोनवर मला रोज शिवणीची खबर द्यायची. जांघेतल्या काही गाठींत रोग निघाला होता, म्हणून वर मशीनच्या किरणांचे शेक आले, आठवड्याला एक सलाइनमधलं औषध आलं. शेकाने तिथली कातडी चुलीशी भाजल्यासारखी झाली. ती सुजाताबरोबर नागपूरलाच एका धर्मशाळेत राहिली आणि पातळ वरण-भात गिळत राहिली. परत आली तेव्हा उजवा पाय सुजून खांबासारखा झाला होता, त्याला पट्टा बांधावा लागे. चालताना ती भिंतीला हात लावायची. बसायला मधोमध भोक असलेली रबरी गादी होती. तिला ती सिंहासन म्हणायची.

आल्यावर तिने एक नवीनच काम सुरू केलं. दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात ब्लाउज घालून पाहायला एक पडदा होता. तिथे तिने एक हातआरसा टांगला. तो नागपूरचा होता. तिथल्या नर्सने जखम रोज बघायला शिकवताना तिच्या हातात दिला होता. त्या आरशाबद्दल ती मला जे म्हणाली ते मी विसरू शकत नाही. "साऱ्या जगाचे रंग पाह्यले मॅडमबाई. हे पुरतं पाह्यलं, तवा अर्धं कापून झालंतं."

गिऱ्हाईक बाई पडद्याआड गेली की मावशी बाहेरून हळू आवाजात बोलायची. खाली खाज सुटते का, गाठ आहे का, न भरणारं काही आहे का, कातडी पांढरी पडली आहे का. आरसा आहे, पाहून घे. आणि असेल तर डॉक्टरला नुसतं सफेद म्हणू नको, चामडी सफेद हो रही है म्हण, नंबर गेला तरी चालेल पण टेबलावर झोपून दाखव. बाया आधी हादरल्या. एकीने अर्धवट घातलेला ब्लाउज तसाच ओढत बाहेर येऊन दुकान सोडलं. दोघी-तिघींनी येणंच बंद केलं. बाईचं डोकं फिरलं, अशी गल्लीत कुजबुज झाली. मावशी म्हणायची, कापड दुसरीकडेही मिळते. हट्ट्याकडची एक सून मात्र पडद्याआड खूप वेळ थांबली. मावशीने तिला डॉक्टरकडे पाठवलं, तिला वेळेत मलम सुरू झालं, आणि ती सीताफळांची टोपली घेऊन आली. मावशीने त्यातलं सगळ्यात मोठं सीताफळ मला दिलं आणि त्या दिवशी ती दिवसभर गुणगुणत होती.

पण रोग परत आला. जांघेत, शेकलेल्या जागेजवळच, दगडासारखी कडक गाठ. नागपूरला पुन्हा गेलो. डॉक्टरने या वेळी चित्र काढलं नाही. आता कापण्यासारखं नाही, दुखणं सोसवेल असं औषध देऊ, म्हणाली. मावशीने तिला विचारलं, कापायला माया उरली नाही का? डॉक्टरने तिचा हात आपल्या हातात घेतला.

पुढे चालणं थांबलं, जागेचा वास यायला लागला, आणि त्या वासाची मावशीला दुखण्यापेक्षा जास्त लाज वाटायची. तिने दुकानात उदबत्ती लावायला सुरुवात केली. शेवटी सुजाता आणि जावई तिला तिरोड्याला न्यायला आले. लेकीच्या सासरी मरायला जायचं नाही, असं तिने दोन दिवस धरून ठेवलं होतं. जावयाने काही वाद घातला नाही. त्याने सिंहासन उचललं, गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं, आणि मावशीला दोन्ही हातांनी उचलून त्यावर बसवलं.

मी गाडीच्या खिडकीशी उभी होते. सुजाता आईच्या शेजारी बसली. मावशीने तिचा पदर धरला, मी तिथे आहे, जावई पुढे स्टिअरिंगवर आहे, कशाचीच पर्वा न करता.

"तू पाहतं नं स्वतःले?"

"हौ आई, पाहतो."

"आरशात?"

"आरशातच." सुजाता थोडं थांबली. "थोडंसं पांढरं हाय."

मावशीचं सगळं तोंड आवळलं, आणि मग सवयीनेच तिने विचारलं, "पांढरा म्हंजे कोणता?"

"चुन्याचा. डॉक्टरीणीले दाखवलं. तेच हाय म्हणे, तुयावालंच. मलम लावून राह्यलो, दर वेळी दाखवाले जाणं हाय."

पुढून जावई, मागे न वळता, म्हणाला, "मीच घेऊन गेलतो, आई."

मावशी त्याच्या मानेकडे पाहत राहिली. उन्हात धरलेल्या पदराकडे ती जशी पाहायची, तसं तिने त्याच्याकडे पाहिलं, फार वेळ. तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं, ते तिने पुसलं नाही. त्याची आत्या, सतरंजीवर ठेवलेले ते हात, खांबाला धरून उभं राहणं, सगळं तिला आठवलं असेल. मला तरी आठवलं.

मग तिने सुजाताचा पदर सोडला आणि म्हणाली, "चला जावईबापू. ऊन होईन."